टाकीखालची घर्रघर्र

मास्तर दुसऱ्यांदा उठून गेले तेव्हा डॉक्टरकाकू वेटिंग रूमच्या दारातच उभी होती आणि तिच्या हातात काहीही नव्हतं. आरसा नाही, चिमटा नाही, ते यंत्र तर नाहीच. मास्तरांनी गालावरचा रुमाल जरा घट्ट दाबला. आधी काकूकडे पाहिलं, मग तिच्या पाठीमागच्या रिकाम्या खोलीकडे, आणि विचारलं, "तुम्ही इथे आहात. मग ड्रिल कोण चालवतंय?"

"कोणी नाही हो मास्तर. टाकीचा आवाज आहे तो. माशांच्या टाकीचा."

"माशांना दाढा असतात?" मास्तर म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता चपला शोधायला लागले.

आवाज अगदी तसाच होता, हे कबूल करायला हवं. घर्रर्र. दातातून निघून कानात शिरणारा आणि तिथून थेट गुडघ्यात उतरणारा. दहा वाजता दवाखाना उघडला की तो सुरू व्हायचा आणि पाऊण तास चालायचा. पाऊण तास ज्याची दाढ कोरली जातेय त्या बिचाऱ्याचं आत काय होत असेल, असा विचार करत बाहेरचे पेशंट बसायचे. निदान सुरुवातीला बसायचे. मग एकेकाला बरोबर त्याच वेळी काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं. गेल्या आठवड्याभरात चार जणांना आठवलं होतं.

टाकी होती मोठी, एका बाकाएवढी लांब. तिच्यात अकरा मासे. ती ठेवली होती मुळात पेशंटचं मन शांत करायला. खाली लाकडी कपाट, कपाटात फिल्टर, आणि फिल्टरला जोडलेला एक छोटा पितळी व्हॉल्व्ह. त्याचं काम साधं. रात्रभरात टाकीतलं पाणी थोडं उडून जातं. सकाळी रजिस्टरमावशी बटण दाबते, वर तरंगणारा फ्लोट सांगतो की पाणी कमी आहे, व्हॉल्व्ह उघडतो आणि फिल्टरमधलं स्वच्छ पाणी बारीक धारेनं टाकीत जात राहतं. भरलं की तो आपला आपण बंद. विजेवर चालणारा नळ, एवढंच. पण गेले दोन आठवडे हा नळ नुसता उघडत नव्हता, तर गावभर दवंडी पिटून उघडत होता.

या टाकीची सगळी जबाबदारी होती भिंगरीवर. भिंगरी म्हणजे काकूची पुतणी, वय पंधरा, शाळा दुपारची, दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर राहणारी. घरात तिचं खरं नाव फक्त गुणपत्रिकेवर सही करताना आठवायचं. ती कथ्थकला सहा आठवडे गेली होती, बुद्धिबळाला तीन आणि पोहायला एक. मिक्सर का अडकतो ते बघायला तिनं तो उघडला होता, आणि पुन्हा बसवल्यावर तो अडकायचा थांबला होता, कारण तो चालायचाच थांबला होता. पण टाकी मात्र आठ महिने झाले तरी तिनं सोडली नव्हती. पाणी बदलणं, स्पंज धुणं, कोणाला किती खायला, कोण कोणाला ढुशी मारतंय, सगळं तिला तोंडपाठ. आपल्याला एखादी गोष्ट येते, आणि ती उद्याही येणार आहे, हे तिला या टाकीपाशी पहिल्यांदा कळलं होतं. कळल्यापासून ती जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरायची.

मास्तर गेल्यावर काकूनं हात धुतले. धुवायचं काही कारण नव्हतं, पण राग आला की ती हात धुते.

"भिंगरे, नीट ऐक. मास्तरांना मी शनिवारी दहाची वेळ दिली आहे. गाल बघितलास ना त्यांचा? तिसऱ्यांदा उठून गेले तर ती दाढ त्यांना झोपू देणार नाही. शनिवारी हा आवाज झाला आणि मास्तर उठले, तर दुपारी टाकी जाईल. मासेकाकांशी बोलले आहे मी. ते गावाहून परत येताना टेम्पो घेऊन येतील."

"आजच उघडते मी तो व्हॉल्व्ह."

"उघडायचा नाही."

"अगं पण..."

"मिक्सर," काकू म्हणाली. एकच शब्द. "मी कोणाचं तोंड उघडलं की लगेच दाढ उपटते का? आधी एक्स-रे काढते. काय बिघडलंय ते मला आधी सांग. पटलं तर उघड. नुसतं बघू काय होतंय म्हणून नाही."

काकू आत गेली. रजिस्टरमावशी आपल्या टेबलामागे बसून अंग चोरत होती. ही मावशी म्हणजे दवाखान्याचा कणा. नावं लिहायची, फोन घ्यायची, कवळीची मापं लॅबला पाठवायची, आणि फावल्या वेळात टाकीतल्या काळ्या माशाशी गप्पा मारायची. त्याला ती भाऊजी म्हणायची.

"जाईल का गं खरंच टाकी?" तिनं हळूच विचारलं.

"छे," भिंगरी म्हणाली. पण जिना चढताना तिनं एकेक पायरी घेतली.

मंगळवारी सकाळी तिनं मासेकाकांना फोन लावला. टाकी त्यांनीच बसवली होती, व्हॉल्व्हही त्यांनीच. पलीकडे कोंबडी ओरडत होती.

"आवाज कसा येतो?" मासेकाका म्हणाले.

"मोठा येतो."

"मोठा म्हणजे काय ते सांग ना. आवाजाला नाव असतं. घर्र असेल तर पंपाचं बेअरिंग गेलं. टकटक असेल तर फ्लोट नाचतोय. गुणगुण असेल तर कॉइल, म्हणजे ती तारेची गुंडाळी, ढिली. खळखळ असेल तर पाइपात हवा. आधी नक्की काय ते ठरव, मग मला फोन कर. मी इथे लग्नाच्या मांडवात आहे."

भिंगरीला हे फार पटलं. आवाजाला नाव असतं. तिनं वहीचं नवं पान काढलं आणि दहा ते पावणेअकरा वेटिंग रूममध्ये येईल त्याला गाठायला सुरुवात केली. आपल्याकडचे लोक एरवी साध्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, पण आवाज कसा आहे म्हणून विचारलं की कोणी मागे हटत नाही.

दहा वाजून दोन मिनिटांनी आलेला रिक्षावाला म्हणाला, "घर्रर्र. माझ्या गाडीचा सायलेन्सर निघाला होता तेव्हा असाच."

दहा वाजून दहा मिनिटांनी एक आजी. "खरखर. आमचे हे झोपेत करतात."

दहा वाजून वीस मिनिटांनी एक कॉलेजची मुलगी, ब्रेसेसवाली. "भणभण. मोठी माशी बाटलीत अडकल्यासारखी."

साडेदहाला पोस्टमन. तो दात दाखवायला नव्हे, पत्र द्यायला आला होता, पण त्यानंही मत दिलं. "गुणगुण म्हणता येईल. वाईट नाही तसा."

आणि पावणेअकराला कुरिअरवाला म्हणाला, "कसला आवाज?"

भिंगरीनं वही मिटली आणि डोक्याला हात लावला. घर्र, खरखर, भणभण, गुणगुण आणि कसला आवाज. मासेकाकांच्या हिशेबानं आता बेअरिंगही गेलेलं, कॉइलही ढिली, आणि शिवाय सगळं उत्तम. तिनं तरीही पंपाला कान लावला. पंप निर्दोष होता, गाढ झोपलेल्या बाळासारखा चालत होता. व्हॉल्व्ह उघडायचा नव्हता, पण बाहेरचा नट आवळायला तर कोणी बंदी घातली नव्हती. बुधवारी तिनं पाना घेऊन कॉइलवरचा नट पाव फेरा आवळला. काही फरक नाही. मग व्हॉल्व्ह जिथे कपाटाच्या फळीला टेकत होता तिथे स्पंजाचा तुकडा सारला. आता फरक पडला. घर्र थोडी बसक्या आवाजात यायला लागली, सर्दी झालेल्या ड्रिलसारखी. एक बाई आपल्या मुलाला घेऊन दारातूनच परत गेल्या.

"पाच," काकू आतून म्हणाली.

गुरुवारी शाळेत गायनाचा तास होता. मास्तर म्हणजे शाळेचेच गायनाचे मास्तर, हे सांगायचं राहिलं. एरवी सगळा वर्ग डोक्यावर घेणारा त्यांचा आवाज त्या दिवशी गप्प होता. उजवा गाल टम्म. ते फळ्यावर लिहीत होते आणि छडीनं दाखवत होते, आणि ज्यांनी आयुष्यात सूर लावला नव्हता त्यांनी त्या दिवशी मनसोक्त बेसूर होऊन घेतलं. तास संपल्यावर भिंगरी टेबलापाशी गेली.

"सर, एक विचारू? त्या टाकीच्या आवाजाबद्दल."

मास्तरांनी डोळे मिटले. आठवणीनंच दुखलं असावं.

"मला त्याचं नाव हवंय," ती म्हणाली. "तुम्ही दोनदा ऐकलाय. घर्र की गुणगुण? प्रत्येकजण वेगळं सांगतो. मला वाटतं तीन-चार वेगवेगळे आवाज असणार."

तिनं वही पुढे केली. मास्तरांनी चष्मा लावला आणि यादी वाचली. मग पहिल्यांदाच त्यांचा चांगला असलेला अर्धा चेहरा हसला.

"एकच आवाज आहे," ते दात न उघडता म्हणाले. "सोमवारी मी पंचवीस मिनिटं बसलो होतो. धीर गोळा करत. सूर हलला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर, सरळ रेष. फक्त आधी घसा फाडून, मग हळूहळू मिटल्या तोंडानं. आता मी बोलतोय ना, तसा."

"म्हणजे घर्र आणि गुणगुण..."

"एकाच गळ्यातले. यादी वेळेप्रमाणे वाच. माणसांप्रमाणे नको."

भिंगरीनं वेळा पाहिल्या. दोन मिनिटं, घर्र. दहा मिनिटं, खरखर. वीस, भणभण. तीस, गुणगुण. पंचेचाळीस, कसला आवाज. इतके दिवस ती लोकांची तोंडं बघत होती, आणि वेळ तिनं स्वतःच शेजारी लिहून ठेवलेली. तिला इतका आनंद झाला की ती मास्तरांना थँक्यू म्हणायचं विसरली आणि जिन्यापर्यंत जाऊन परत म्हणायला आली.

"शनिवारी याल ना सर?"

"बघू," मास्तर म्हणाले, आणि अर्धा चेहरा पुन्हा पडला.

संध्याकाळी मासेकाकांना दुसरा फोन. या वेळी पलीकडे जेवणाची पंगत होती आणि काका प्रसन्न होते.

"तो व्हॉल्व्ह आतून कसा असतो ते सांगा ना," ती म्हणाली. "अगदी बाळबोध भाषेत."

"आत एक लोखंडी दांडी असते, तुझ्या करंगळीएवढी. एरवी ती खाली पडून पाण्याची वाट अडवून बसलेली. करंट आला की बाहेरची कॉइल लोहचुंबक होते आणि दांडीला वर ओढते. वाट मोकळी. दांडी वर जाऊन टोकाला नीट टेकली की गप्प बसते."

"आणि नाही टेकली तर?"

"तर थरथरते. ओढतंय पण पोचत नाही. मग ती आदळत राहते."

"आणि पोचायला आधी त्रास होतो पण अर्ध्या तासानं पोचते, असं का होईल?"

मासेकाकांनी घास गिळल्याचा आवाज आला. "असं कुठे असतं? कचरा असेल तर असेल, नसेल तर नसेल. कचरा काय घड्याळ बघून उठून जातो? ते राहू दे. शनिवारी टेम्पो घेऊन येतोच आहे मी."

शुक्रवारी सकाळी मावशीनं बटण दाबायच्या आधीच भिंगरी कपाटात डोकं घालून बसली. व्हॉल्व्हला जाणारा करंट छोट्या डब्यातून कमी होऊन येतो, हात लावला तर काही होत नाही, हे मासेकाकांनी टाकी बसवतानाच सांगितलं होतं. बटण दाबलं. घर्रर्र. तिनं कॉइलवर बोटं ठेवली. गार. पाच मिनिटांनी कोमट. पंधरा मिनिटांनी चहाच्या कपासारखी, आणि आवाज भणभणीवर आला. पंचवीस मिनिटांनी बोट फार वेळ ठेववेना, आणि वर नुसती गुणगुण.

ती टाचांवर बसून राहिली. मग उठली, आत गेली आणि फ्रीजमधून ती निळी थंड पिशवी घेऊन आली. दाढ काढलेल्या पेशंटला गालावर धरायला देतात ती.

"अगं, ती पेशंटची आहे," मावशी म्हणाली.

"हा पण पेशंटच आहे."

तिनं पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावर ठेवली. दोन मिनिटं. तीन. चार. गुणगुणीची भणभण झाली. भणभणीची खरखर. आणि मग, जणू कोणी व्हॉल्व्हच्या वर्मावर बोट ठेवलं होतं, कपाट पुन्हा घर्र करून गरजलं. वेटिंग रूममध्ये बसलेल्या एकुलत्या एका गृहस्थानं आपली पिशवी उचलली.

"सहा," काकू दारात येऊन म्हणाली. "काय चाललंय?"

"एक्स-रे," भिंगरी म्हणाली. तिचे केस कपाटातल्या जळमटांनी पांढरे झाले होते. "काकू, ऐक. दांडीच्या डोक्यावर काहीतरी बसलंय. गार असताना ते कडक असतं, म्हणून दांडी वर टेकत नाही आणि थरथरते. कॉइल तापली की ते मऊ पडतं, दबतं, आणि दांडी टेकते. मी आत्ता गार करून दाखवलं, तर परत सुरू. माती असती तर मऊ झाली नसती. शेवाळ असतं तर कडक झालं नसतं. ते काय आहे ते मला माहीत नाही. पण ते तापलं की मऊ होणारं आहे आणि दांडीच्या वरच्या टोकाला आहे, आणि एवढं मी लिहून देते."

काकूनं पिशवीकडे पाहिलं, मग भिंगरीकडे, मग पुन्हा पिशवीकडे. तिनं हात धुतले नाहीत, हे मावशीनं नीट टिपलं.

"उद्या साडेआठला खाली ये," काकू म्हणाली. "नाश्ता करून ये. रिकाम्या पोटी हात थरथरतात."

शनिवारी साडेआठला वेटिंग रूमच्या फरशीवर एक स्वच्छ हिरवा कपडा अंथरला होता, दाढेच्या ऑपरेशनला अंथरतात तो. भिंगरीनं आधी प्लग काढला. मग पाण्याची तोटी बंद केली. ती बंद आहे ना हे दोनदा पाहिलं. मग व्हॉल्व्ह पाइपातून सोडवला आणि कपड्यावर आणून ठेवला. शेजारी काकू मांडी घालून बसली, डोक्याला तो प्रकाशाचा पट्टा बांधून. मावशी वाडगा धरून उभी.

नट निघाला. कॉइल निघाली. खालची नळी फिरवून काढताना भिंगरीनं श्वास रोखला होता, पण आतल्या स्प्रिंगनं काही रोखलं नव्हतं. ती टुणकन उडाली आणि खुर्च्यांच्या रांगेखाली गेली.

पुढची दहा मिनिटं तिघीजणी गुडघ्यांवर होत्या. स्प्रिंग मावशीला सापडली, शेवटच्या खुर्चीच्या पायाशी. सोबत कोणाचा तरी कानातला एक डूल, दोन गोळ्यांचे कागद आणि काकूचं हरवलेलं पेनही सापडलं.

"बघू ती दांडी," काकू म्हणाली.

भिंगरीनं दांडी उजेडात धरली. करंगळीएवढी, चकचकीत. आणि वरच्या टोकावर, टोपी घातल्यासारखा, एक पातळ थर होता. गुलाबी.

तो गुलाबी रंग त्या दवाखान्यात कोणालाही झोपेतून उठवून ओळखता आला असता. कवळी करताना हिरड्यांच्या जागी लावतात ते मेण. लाटलेल्या पापडासारख्या पट्ट्या येतात त्याच्या. गरम केलं की मऊ, गार झालं की घट्ट.

काळा मासा काचेला तोंड लावून बघत होता.

"हे आत कसं जाईल?" भिंगरी म्हणाली. तिला खरोखर कळत नव्हतं. "हे तर आतल्या ड्रॉवरमध्ये असतं."

मावशीच्या हातातला वाडगा खाली आला. तिला जणू दातखीळ बसली होती.

"मी लावलं," ती शेवटी म्हणाली. "तीन आठवड्यांमागे. व्हॉल्व्ह पाइपाला बसतो त्या जोडातून थेंब थेंब गळत होतं, मॅडम. फरशीवर ओल येत होती. मला वाटलं तुम्ही बघितलंत तर म्हणाल, नको ही टाकीची कटकट. नेऊन टाका. म्हणून मी जोड उघडला, आत मेण भरलं आणि परत आवळला. गळायचं थांबलं. तुम्हीच सांगता ना पेशंटला, हलत असेल तर मेणानं बसवू."

"तात्पुरतं," काकू म्हणाली. "मी म्हणते, तात्पुरतं बसवू."

"तो शब्द मी नेहमी लिहीत नाही रजिस्टरमध्ये."

काकूचा चेहरा इतका गंभीर होता की भिंगरीनं दांडी हळूच कपड्यावर ठेवून दिली. मग त्या गंभीर चेहऱ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी फुटायला लागलं. काकू हसायला लागली की आवाज करत नाही, नुसती हलते, आणि डोक्यावरचा दिवा हलतो. छतावर प्रकाशाचा गोळा नाचायला लागला.

"टाकी वाचवायला," ती धापा टाकत म्हणाली, "टाकीलाच कवळी बसवली. आणि मी इकडे सहा पेशंट घालवले."

"पगारातून कापा," मावशी रडक्या आवाजात म्हणाली.

"काय कापू? मेण?" काकूनं डोळे पुसले, हातमोजे चढवले आणि हात पुढे केला. आता ती निराळीच काकू होती. "भिंगरे, आरसा. तो नाही, छोटा. मावशी, कोमट पाणी. आणि ते वाकडं टोकदार."

दांडीवरचं मेण निघालं एका मिनिटात. पण काकूचं समाधान होईना. तिनं नळीच्या आत आरसा घातला, दिवा मारला, आणि म्हणाली, "इथेही आहे थोडं. कडेला. जोडातलं जास्तीचं मेण तापून दांडीबरोबर वर चढलंय. बरोबर म्हणालीस तू, वरच्या टोकाला." मग ती कोरायला लागली, हळू, अगदी हळू, जशी ती माणसांचं करते. "दुखलं तर हात वर करा," असंही पुटपुटली, सवयीनं.

भिंगरी दोन्ही हातांनी नळी धरून बसली होती. बरोबर म्हणालीस तू. हे वाक्य तिनं मनात नीट घडी घालून ठेवलं, ठेवणीतल्या कपड्यांसारखं.

जोडाचं मेण खरवडून काढल्यावर मावशीनं पांढरी टेप भिंगरीच्या हातातून घेतली. "गुंडाळते मी. आटे कुठल्या बाजूला फिरतात ते दाखव फक्त." तिनं बारा वेढे दिले. चार पुरले असते, पण कोणी अडवलं नाही.

स्प्रिंग, दांडी, नळी, कॉइल, नट. भिंगरीनं क्रमानं सगळं बसवलं. शेवटचा नट आवळला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होती, आणि पाण्याची तोटी उघडून ती जोडाला बोट लावून बघत असतानाच दार वाजलं.

मास्तर. गालाला आता मफलर बांधलेला. त्यांनी फरशीवरचा हिरवा कपडा पाहिला, कपड्यावरची हत्यारं पाहिली, काकूच्या डोक्यावरचा दिवा पाहिला. ते उंबऱ्यातच थांबले.

"बसा मास्तर," काकू म्हणाली, पटकन कपडा गोळा करत. "हे तुमच्यासाठी नाहीये."

मास्तर बसले, पण खुर्चीच्या अगदी कडेला. बसलेल्यापेक्षा उठलेलेच जास्त. मावशी आपल्या टेबलामागे गेली आणि तिनं भिंगरीकडे पाहिलं. पाणी रात्रभरात उडालेलं, फ्लोट खाली झुकलेला. एकदा चालवून बघायला वेळ मिळालाच नव्हता. जे काय व्हायचं ते आता मास्तरांच्या समोरच.

भिंगरीनं मान हलवली. मावशीनं बटण दाबलं.

टक.

एवढंच. मग कपाटातून पाण्याची बारीक धार सुरू झाल्याचा आवाज आला, कोणी दुसऱ्या खोलीत पेला भरत असल्यासारखा. वरून फिल्टरचे बुडबुडे. रस्त्यावरून सायकल गेली तिची घंटी. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच सकाळी दहाला त्या खोलीत घड्याळ वाजतं हे कळलं.

मास्तर उभे राहिले.

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. मावशीनं रजिस्टर छातीशी धरलं. मास्तर दाराकडे वळले नाहीत. ते टाकीपाशी गेले, वाकले, मफलर कानावरून बाजूला केला आणि कपाटाला कान लावला. बराच वेळ. वर्गात एखाद्याचा सूर लागतोय का ते बघताना लावायचे तसा.

"उघडलाय?" त्यांनी विचारलं.

"उघडलाय सर. पाणी येतंय."

"हं." ते सरळ झाले. "काय होतं?"

"कवळीचं मेण," भिंगरी म्हणाली. "दांडीच्या डोक्यावर."

मास्तरांनी हे ऐकलं, त्यावर विचार केला, आणि दवाखान्यात माणसानं सगळे प्रश्न विचारू नयेत असं त्यांनी ठरवलेलं दिसलं. काकू आतल्या दारात उभी होती. मास्तर तिच्याकडे गेले. वाटेत क्षणभर थांबले.

"दार उघडं ठेवाल का?" ते म्हणाले. "मासे दिसले तर बरं वाटेल."

"ठेवते की," काकू म्हणाली. मग मास्तरांच्या खांद्यावरून बाहेर बघत, "मावशी, मासेकाकांना फोन लावा. म्हणावं, टेम्पो नको. यायचं असेल तर नुसते या, चहा प्यायला."

मावशीनं फोन लावला. पलीकडून मासेकाका काय विचारत होते ते भिंगरीला ऐकू येत नव्हतं, पण मावशीचं बोलणं येत होतं. "नाही, नवा नाही घेतला. तोच. दुरुस्त केला. भिंगरीनं. हो, उघडला. हो, परत बसवला. अहो चालतोय, मी समोर बसलेय त्याच्या." मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "का बिघडला ते मी तुम्हाला चहा देताना सांगेन. फोनवर नाही."

आत खुर्ची खाली गेल्याचा आवाज आला. काकू काहीतरी बोलली, मास्तर काहीतरी हुंकारले. आणि मग खरं ड्रिल सुरू झालं. ते घर्र करत नव्हतं. ते भणभणही नव्हतं आणि खरखरही नव्हतं. बारीक, उंच, शिट्टीसारखं कुईं. त्या व्हॉल्व्हशी त्याचं काडीचंही नातं नव्हतं. इतके दिवस सगळं गाव कशाला घाबरत होतं कोण जाणे.

उघड्या दारातून भिंगरीला मास्तरांचे पाय दिसत होते. मोजे घातलेले, एकावर एक ठेवलेले. ते हलले नाहीत. टाकीत पाणी हळूहळू चढत होतं, फ्लोट त्याच्यासोबत वर येत होता, आणि भाऊजी काचेपाशी उभे राहून मास्तरांकडे बघत होते. भिंगरी फरशीवर पाय पसरून बसली आणि पाणी भरेपर्यंत तिथून उठली नाही.